जुन्या साच्यातून स्वस्त नाव निघेल काय?



काल ह्याच जागेवर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले. उद्या अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक बोलावयाचे आहेत. मधल्या दिवशी नववीत शाळा सुटलेल्या माणसाला उभे करण्याचे धाडस चिटणिसांनी केले, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे की त्यांची कीव करावी, हे आपण तासाभराने ठरवा. आम्ही विषय कळविला तेव्हा ते थोडे चपापले. म्हणाले, "अहो, आपली नदी होळीनंतर कोरडी पडते. अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या मोटारनावांचे आपल्या श्रोत्यांना काय?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आमचे निम्मे आयुष्य फायबरच्या साच्याशी गेले आणि उरलेले निम्मे त्या साच्यावर राबणाऱ्यांच्या युनियनमध्ये चालले आहे. नाव कोणाचीही असो, ती साच्यातून कशी निघते आणि तिची किंमत कोणाच्या अंगावर पडते, एवढे आम्हांस कळते. आणि तेवढ्यावरच आम्ही बोलणार आहोत.

गेल्या दिवाळीनंतर आम्हांस टेनेसी राज्यातून एक पत्र आले. पत्र म्हणजे मोबाईलवरचेच, पण चांगले चार पानी. लिहिणारा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. इंजिनियर होऊन तो तिकडे नावा बांधणाऱ्या एका कारखान्यात लागला आहे. त्याने लिहिले, "काका, आमच्या शेडमागे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या नावांचे साचे पडून आहेत. ते पुन्हा काढून त्यांतून वेकबोर्डची स्वस्त नाव करावी असे वरच्यांच्या मनात आहे. हिशेब माझ्याकडे दिला आहे. हे करावे का? आणि केले तर पैसा कुठून वाचवू?"

वेकबोर्ड म्हणजे काय, ते आम्हांसही त्याला दोनदा विचारावे लागले. शेतात सरी ओढली की दोन्ही अंगांना वरंबा उठतो. मोटारनाव वेगाने पाणी कापत गेली की तिच्यामागे पाण्याचेही तसेच दोन वरंबे उठतात. नावेला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक हातात धरून, दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर अडकवून मनुष्य मागून ओढला जातो, त्या वरंब्यावर चढतो आणि तिथून हवेत उडी घेतो. खेळ एवढाच. वरंबा जितका उंच आणि घट्ट, तितकी उडी चांगली.

ह्या खेळाचे मूळ गरिबाघरचे आहे, हे आम्हांस विशेष वाटले. १९२२ साली मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिन ह्या सरोवरावर राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लाकडी फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वाकविली आणि त्या पायांत घालून तो नावेमागे पाण्यावर उभा राहिला. पाण्यावरच्या स्कीइंगचा आरंभ तो. पुढे १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या टोनी फिन ह्यांनी लाटेवरच्या फळीसारखी एक फळी नावेमागे ओढण्यासाठी काढली, १९९० साली हर्ब ओब्रायन ह्यांनी तिला अधिक चांगला आकार दिला, आणि वेकबोर्ड रूढ झाला. म्हणजे दोन फळ्या आणि एक दोर एवढ्यावर सुरू झालेला हा खेळ. आज त्याच्यासाठी बांधलेली नवी नाव एक लाख डॉलरच्या खाली क्वचित मिळते. मोठ्या नावा दोन लाखांच्याही पुढे जातात. एक लाख डॉलर म्हणजे ऐंशी लाख रुपयांच्या वर. ज्या हातांनी ती नाव घडते त्या हातांना ती विकत घेणे बहुधा ह्या जन्मी साधावयाचे नाही. तेव्हा जुने साचे काढून स्वस्त नाव करावी हा विचार कानाला गोड लागतो, आम्हांसही लागला. पण आम्ही साचा पाहिलेली माणसे आहोत. साच्यात आतून हात फिरविल्याशिवाय आमचे समाधान होत नाही.

पहिली अडचण अशी, की जुनी सगळीच नाव ह्या कामाची नाही. फ्लोरिडात १९२५ साली स्थापन झालेली करेक्ट क्राफ्ट म्हणून कंपनी आहे. (१९४५ साली ऱ्हाईन नदी ओलांडण्यासाठी लष्कराला तातडीने काही शे नावा हव्या होत्या. त्या ह्या कंपनीने वेळेच्या आत दिल्या आणि तरीही रविवारी काम बंद ठेवले, असे तिच्या इतिहासात सांगतात. आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तिची आठवण होऊन ही कंपनी आम्हांस उगीचच जवळची वाटली. असो.) मायामीच्या लिओ बेंट्झ ह्या स्कीइंग शिकविणाऱ्या गृहस्थांनी केलेल्या फायबरच्या नावेचा साचा ह्या कंपनीने घेतला आणि १९६१ साली 'स्की नॉटिक' ही नाव बाजारात आणली. ती इतकी नावाजली की पुढच्या कित्येक नावांनी तिचेच वळण उचलले. परंतु तिचा गुण कोणता? तिच्यामागे वरंबा कमी उठतो! स्कीइंग करणाऱ्याला सपाट पाणी हवे असते. मागचा वरंबा त्याला खड्ड्यासारखा लागतो. म्हणून त्या काळच्या कारागिरांनी अक्कल खर्चून तळ असा घडविला की पाणी मुकाट्याने बाजूला व्हावे. वेकबोर्डवाल्याला हवे ते नेमके उलट.

त्या नावांत इंजिन मधोमध असते. वेकबोर्डला वजन मागे हवे, म्हणून नंतरच्या नावांत इंजिन शेपटाकडे नेऊन उलटे बसविले. त्याचा दांडा पुढे जातो, पेटीतून वळून पुन्हा मागे पंख्याकडे येतो. शिवाय नाव जड व्हावी म्हणून तिच्या पोटात पाण्याच्या टाक्या किंवा पिशव्या भरतात. मोठ्या नावेत हे पाणीच हजार-दीड हजार किलो होते. जुन्या हलक्या नावेत एवढे पाणी भरून, वर दहा माणसे बसविली, तर तिचा काठ पाण्याला टेकेल. तेव्हा आम्ही मुलाला प्रथम हेच लिहिले, की १९६०-७० सालची देखणी नाव पुन्हा काढण्याच्या मोहात पडू नका. तिचे चित्र भिंतीवर लावा. १९९० नंतरच्या दहा वर्षांत, खास ह्या खेळासाठी, वर दोर बांधण्याची उंच कमान घेऊन ज्या पहिल्या नावा निघाल्या, त्यांचे साचे शोधा. त्या तेवढ्याच लहान आणि सोप्या आहेत आणि त्यांचा तळ ह्या कामासाठी घडलेला आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. ती आम्हांस वाचताना फार मौजेची वाटली, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. फायबरच्या धंद्यात नक्कल करणे किती सोपे असते ते आम्हांस विचारा. तयार नाव घ्यावी, तिला मेण चोळावे, तिच्यावरच मॅट आणि रेझिन चढवावे, सुकल्यावर उचकटावे, झाला साचा! ज्याने वर्षभर डोके खपवून नाव काढली तो पाहत राहतो. फ्लोरिडातल्या बोनिटो बोट्स ह्या कंपनीने १९७६ साली एक नाव काढली होती. १९८३ साली फ्लोरिडा राज्याने अशी थेट नक्कल करण्यास बंदी घालणारा कायदा केला आणि बोनिटोने टेनेसीच्या थंडर क्राफ्ट कंपनीवर फिर्याद लावली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की ज्या वस्तूचे पेटंट नाही आणि जी बाजारात खुली विकली जाते, तिची नक्कल राज्याला अशी बंद करता येणार नाही. मग १९९८ साली तिथल्या काँग्रेसने नावांच्या आकारासाठी वेगळा कायदा केला आणि नोंदलेल्या आकाराला दहा वर्षांचे संरक्षण दिले. दहाच वर्षांचे!

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा आकार आज कोणाच्याही मालकीचा उरलेला नाही. तुम्ही तो स्वस्तात काढला तर शेजारचा कारखानदार पुढच्या वर्षी तोच काढील. आकार फुकट, इंजिन सर्वांना एकाच दोन ठिकाणांहून घ्यावयाचे, रेझिनचा भाव सर्वांना सारखा. मग चढाओढ कशात होईल? ती मजुरीत होईल. आणि टेनेसीत युनियनला बळ नाही. युनियनची वर्गणी भरणे नोकरीची अट असू नये असा कायदा तिथे १९४७ पासून आहे आणि २०२२ साली लोकांनी मतदान करून तो राज्यघटनेतच घातला. राज्याचे स्वतःचे किमान वेतन तिथे नाही. देशाचे जे आहे, ताशी सव्वासात डॉलर, ते २००९ पासून हललेले नाही. नावांच्या कारखान्यांत प्रत्यक्ष मजुरी ह्याहून बरीच जास्त मिळते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पायाखालची जमीन कुठे आहे तेही ठाऊक असलेले बरे.

आता हिशेब पाहू. साचा असला म्हणजे नवा आकार आखण्याचा आणि त्याचा मूळ नमुना घडविण्याचा खर्च वाचतो. तो मोठा असतो, नाही असे नाही. पण तो खर्च शेकडो नावांवर वाटला जातो. प्रत्येक नावेवर जो खर्च नव्याने करावा लागतो, तो जुन्या साच्याने तसूभरही कमी होत नाही. इंजिनचेच पाहा. ह्या नावांना मोटारगाडीचेच आठ सिलिंडरचे इंजिन पाण्यासाठी बदलून बसवितात. २०१० पासून अमेरिकेत नव्या नावेच्या अशा इंजिनाला धूर शुद्ध करणारे यंत्र लागते. म्हणजे जुन्या नावेत जुने स्वस्त इंजिन घालून भागत नाही. नवेच लागते, आणि ते जुन्या कोनाड्यात मावते की नाही तेही पाहावे लागते. जुन्या नावांच्या पोटात आधाराला लाकडाच्या तुळया असत, वरून फायबर चढविलेले. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरे आणि लाकूड आतल्या आत कुजे. बाहेरून नाव नवरीसारखी आणि आत भुसा. तेव्हा कातडी जुन्या साच्यातली घेतली तरी हाडे नवी घालावी लागणार.

मग स्वस्ताई आणावी कुठून? आमच्या मते उत्तर साधे आहे आणि ते साच्यात नाही. आजच्या नावेत चालकापुढे दोन-दोन काचेचे पडदे असतात, कमानीवर गाणी वाजविणारे भोंगे टांगलेले असतात, दिवाणखान्यात नसतील अशा गाद्या असतात. ते सारे काढा. वेग एकसारखा ठेवणारे यंत्र ठेवा, कमान ठेवा, पाण्याच्या पिशव्या द्या. हे आम्ही नवीन सांगत नाही. टेनेसीतच सुप्रा नावेबरोबर मूंबा आणि मालिबूबरोबर २००९ च्या मंदीत अ‍ॅक्सिस अशा कमी थाटाच्या नावा त्याच घरांतून निघाल्या आणि चालल्या. त्या साधेपणाने स्वस्त झाल्या. पुढे त्यांच्याही किमती चढत गेल्या, तो भाग निराळा. आपल्याकडे चेतक स्कूटरचे काय झाले ते आठवा. १९७२ ची चेतक व्हेस्पाच्या वळणाची आणि सामान्य माणसाची. २०२० साली तेच नाव घेऊन विजेची स्कूटर आली ती लाख रुपयांपासून पुढे. जुने नाव परत आले म्हणून जुनी किंमत परत येत नाही. जुन्याची हौस असणारा गिऱ्हाईक बहुधा जादा मोजणाराच असतो, हे मालकाला लवकर कळते.

कोणी म्हणेल, गरिबाने जुनी वापरलेली नाव घ्यावी. घेतातच. वीस-पंचवीस वर्षांची नाव तिकडे नव्याच्या लहानशा हिश्श्यात मिळते. पण कुजलेल्या तुळया आणि बँकेचे कर्ज ह्या दोन ठिकाणी तो मनुष्य अडतो. हमीसह मिळणारी साधी नवी नाव त्याला खरोखरच हवी आहे. तेव्हा आमचा ह्या बेताला विरोध नाही.

विरोध का नाही, हे सांगावयाचे तर स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

आम्ही ज्या कारखान्यात होतो तिथे तलावात पायांनी चालविण्याच्या लहान नावा एकेकाळी होत असत. मग ते काम बंद पडले. दहा-बारा वर्षांनी, २००३ साली, मालकांनी तेच साचे गवतातून उचलून आणविले. तलावांच्या ठेकेदारांना स्वस्त नाव हवी होती. साच्याच्या आतल्या थराला तडे गेले होते, कडा वाकल्या होत्या. निघालेली प्रत्येक नाव हाताने घासावी लागे. फायबरची धूळ कशी असते ते ज्याच्या मानेत ती गेली आहे त्यालाच विचारा. रात्री झोप येत नाही. धुळीवर उपाय म्हणून पाळीला गुळाचा खडा मिळे. पण खरी मेख पुढे होती. मालकांनी नगाचा दर लावला तो दहा वर्षांपूर्वीचा! म्हणाले, साचा तोच, माल तोच, मग दरही तोच.

आम्ही तेव्हा युनियनचे प्रतिनिधी, रक्त गरम. आम्ही दराची बोलणी केलीच नाहीत. साच्याला हात लावू देणार नाही म्हणून बसलो. सोळा दिवस साचे अंगणात पडून राहिले. सतराव्या दिवशी पहाटे ते ट्रकवर चढले आणि दुसऱ्या जिल्ह्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथे युनियन नव्हती, पंखा नव्हता, आणि गूळही नव्हता. नावा झाल्या, आमच्यापेक्षा कमी दरात झाल्या. आमच्याकडचे चौदा लोक कामावरून कमी झाले. जाहीर सभेत आम्ही त्याला मालकाचा डाव म्हटले आणि तो होताही. पण त्या चौदांपैकी एकाने आम्हांस घरी येऊन विचारले, "दर मागायचा होता, साचा का अडवलात?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याने पुढे रिक्षा चालविली आणि मुलाला इंजिनियर केले. टेनेसीहून पत्र आले ते त्या मुलाचे. मित्र आज आपल्यामध्येच बसला आहे. त्याचे नाव घेतलेले त्याला आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

अमेरिकेतही असा धडा एकदा मिळालेला आहे. श्रीमंतांनी भरावे म्हणून तिथे १९९० च्या कायद्याने लाख डॉलरच्या वरच्या नावांवर दहा टक्के कर बसविला. आमच्यासारख्याला हा कर ऐकताच टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. श्रीमंतांनी काय केले? त्यांनी नाव घेणे पुढे ढकलले. मंदीही होतीच. काम गेले ते बांधणाऱ्यांचे, आणि १९९३ साली तो कर उठवावा लागला. श्रीमंतांवर कर बसू नये असे आम्ही ह्यावरून म्हणत नाही. पण काठी कोणाला लागेल ते उगारण्यापूर्वी पाहावे, एवढे म्हणतो.

म्हणून आम्ही मुलाला लिहिले, की साचे जरूर काढा. मात्र हिशेबाच्या कागदावर एक ओळ मी सांगतो ती घाल: श्वासाची. रेझिनला जो उग्र वास येतो तो स्टायरिनचा. अमेरिकेत कारखान्याच्या हवेत त्याची कायद्याची मर्यादा दहा लाख भागांत शंभर भाग अशी आहे. ती पन्नासवर आणण्याचा प्रयत्न १९८९ साली झाला, पण न्यायालयाने तो नियम १९९२ साली रद्द केला. १९९६ साली धंदेवाल्यांनी आपण होऊन पन्नास पाळण्याचे कबूल केले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. जुने साचे उघड्यावर फवारा मारण्यासाठी घडलेले असतात. वर पिशवी ओढून, हवा काढून घेऊन, रेझिन बंदिस्त आत खेचण्याची रीत आता आहे. तिच्यात वास पुष्कळ कमी सुटतो. पण तिच्यासाठी साच्याच्या कडेला रुंद पट्टी लागते आणि जुन्या साच्यांची कड पुष्कळदा अरुंद असते. ती पट्टी जोडून घेण्याचा खर्च आधी मांड. तो मांडल्यावरही नाव स्वस्त पडत असेल तर खरी स्वस्त. तो खर्च टाळून ती स्वस्त पडत असेल, तर राहिलेले पैसे फवारा मारणाऱ्याच्या छातीतून घेतलेले आहेत. आणि नगाचा किंवा तासाचा दर साचा शेडमध्ये येण्यापूर्वी ठरव. ट्रक दारात उभा असताना ठरत नसतो.

मुलगा तिथे नोकरदार, व्हिसावर गेलेला. त्याला भाषण करता येणार नाही हे आम्हांस कळते. पण हिशेबाचा कागद त्याच्या हातात आहे, आणि आमच्या हातात तो कधीच नव्हता.

त्याचे उत्तर फाल्गुनात आले. नावेवरचे पडदे आणि भोंगे त्याने कागदावरून काढले आहेत. पट्टीचा खर्च मांडला आहे. वरच्यांनी त्यावर लाल खूण केली आहे, पण खोडलेला नाही. साचे अजून शेडमागे ताडपत्रीखाली आहेत. एका रविवारी त्याने ताडपत्री वर करून कड स्वतः मोजली, ती चार बोटे भरली. त्याने विचारले, तुमचे २००३ चे दरपत्रक अजून आहे का? ते आमच्या ट्रंकेत होते. पिवळे पडले आहे, एका कोपऱ्यावर रेझिनचा डाग आहे. त्याच्या बापाने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि पाठविला.